डोक्यातलं माहेर

गेल्या वर्षी गणपती गेले आणि त्यांच्या मागोमाग माझी वाचा गेली. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत ही बातमी कुणाला खरी वाटेना. लिफ्ट बंद पडते, पाणी जातं, पण दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बंद? शेजारीण भेटायला आली, पलंगाशी बसून माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली, मग ह्यांना हळूच म्हणाली, "काका, एक अक्षरही नाही?" तिच्या आवाजात काळजी होती, नाही कशाला म्हणू. पण इतकी वर्षं जिन्यात माझ्या तावडीत सापडलेल्या बाईला जो हलकेपणा यावा, तोही होता.

झालं ते असं. सकाळी मी गॅसपाशी उभी होते. दूध वर आलं. मी म्हणाले, "अहो, सांडशी द्या." निदान मला तरी वाटलं की मी तसं म्हणाले. हे पेपर वाचत होते. आमचे हे आयुष्यभर ओझरच्या विमानाच्या कारखान्यात यंत्रांपाशी उभे राहिलेले. त्यांना माणसाचं बोलणं फारसं ऐकू येत नाही, पण आवाज बदलला की लगेच कळतं. पेपर खाली आला.

"अगं, परत बोल," म्हणाले.

मी परत बोलले. मग माझा उजवा हात आपोआप खाली लोंबला, दूध उतू गेलं, आणि ह्यांनी गॅस बंद करून मला थेट गाडीत घातलं. चपला घालू दिल्या नाहीत. वेळेत पोचलो म्हणून आज हे लिहिते आहे. एखादा शब्द अजूनही दडी मारतो. तेव्हा मी तिथे टिंब देते आणि चहा पिऊन येते. परत येईपर्यंत तो खजील होऊन कागदापाशी उभा असतो.

डॉक्टरांनी ह्यांना मेंदूचं चित्र काढून दाखवलं. बहुतेकांचं बोलण्याचं बिऱ्हाड डाव्या बाजूला असतं, तिथलंच रक्त अडलं होतं. पण सगळं बोलणं काही एकाच खोलीत राहत नाही, म्हणाले. विचार करून जुळवायची वाक्यं एकीकडे. आणि शिव्या, गाणी, पाढे, "अगंबाई", "अरे देवा" असं जे विचार न करता तोंडाबाहेर पडतं, त्याचा पसारा दुसरीकडेही. एक खोली बंद पडली तरी दुसरीतला दिवा चालू राहू शकतो. हे सगळं मी पडल्या पडल्या ऐकत होते. मला सगळं समजत होतं. मला समजतंय हे मात्र कुणालाच समजत नव्हतं.

सुरुवातीचे दिवस नुसत्या हातवाऱ्यांचे. डावा हात चालत होता. त्याने मी पाणी मागायचे, पंखा कमी करायला सांगायचे, आणि कोण पाहुणा फार वेळ बसलाय तेही सांगायचे. नात कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. मानसशास्त्र शिकते, म्हणजे घरातल्या प्रत्येकावर प्रयोग करते. तिला माझ्यात घबाड सापडलं.

"आजी, तू आता एकदम आदिमानव मोडमध्ये आहेस," ती माझ्या उशाशी मांडी घालून म्हणाली. "आमच्या मॅडम सांगतात, काही लोकांना वाटतं की माणूस आधी हातांनी बोलायचा. तोंड नंतर आलं. अर्थात कुणी छातीठोक सांगू शकत नाही. हाडं सापडतात, दगड सापडतात, बोलणं काही मातीत सापडत नाही ना."

मग तोंड कशाला आलं असेल, असं मला विचारायचं होतं. विचारता येईना, म्हणून मीच उत्तर शोधलं. हात भाकरी थापण्यात गुंतलेले असताना भांडता यावं म्हणून. दुसरं काय? आणि माणसाचं पहिलं वाक्य कोणतं असेल, तेही मला तिथेच पडल्या पडल्या उमगलं. पुरुष मंडळी सांगतील, "चला, शिकारीला." मुळीच नाही. पहिलं वाक्य बाईचंच असणार आणि ते असं असणार: "माझ्या वाटणीचं कुणी खाल्लं?"

माझा स्वतःचा पहिला शब्द इतका वजनदार नव्हता. मुलगा पुण्याहून रजा काढून आला होता. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलं म्हणून त्याने मला दुधीचं सूप भरवायला घेतलं. ते त्याने फुंकलं नाही. पहिला चमचा जिभेला लागला आणि माझ्या तोंडून घंटेसारखं खणखणीत निघालं, "मुडद्या!"

वॉर्डातली नर्स थबकली. मुलगा चमचा टाकून रडायलाच लागला. "बाबा, आई बोलली! मला बोलली!" त्याने हे सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. काय बोलली, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर बांध फुटल्यासारखी मी बोलायला लागले. घरी आणल्यावर तर विचारू नका. माझ्या मते मी सरळ, स्वच्छ बोलत होते. भूक लागलीय, खिडकी उघडा, दुधी नको. समोरच्यांचे चेहरे मात्र कोऱ्या पाटीसारखे. हे मान डोलवायचे आणि उशी बदलायचे. मी भाकरी मागितली की मुलगा पांघरूण आणायचा. नात मोबाईलवर माझं बोलणं रेकॉर्ड करून परत परत ऐकायची आणि हताश होऊन म्हणायची, "काहीच लागत नाहीये, आबा."

आता इथे मला थांबून तुम्हाला एका मूर्ख मुलीची ओळख करून द्यावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ही मुलगी सटाण्याकडच्या एका खेड्यात वाढली. तिकडे घरात अहिराणी. "आहे" म्हणायचं तिथे आम्ही "शे" म्हणणार, "मला" म्हणायचं तिथे "माले". ती मुलगी शाळेत मराठी शिकली, पण ती पुस्तकातली. लग्न ठरलं नाशिकच्या, शहरातल्या घरात. झालं! बाईसाहेबांनी मनाशी पक्कं केलं, सासरी अहिराणीचा एक शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. कुणी सांगितलं होतं का? नाही. सासूबाई बिचाऱ्या साध्या होत्या. पण बाईसाहेबांचा ताठा! लग्नाआधी महिनाभर ती रेडिओपुढे बसून बातम्या ऐकायची आणि आरशापुढे उभी राहून तशीच्या तशी म्हणायची. "आहे. आहे. आहेत." आरशाला कंटाळा येईपर्यंत.

परिणाम असा झाला की सासरी आलेली नवी सून बोलायची ती थेट बातमीपत्रासारखी. पहिल्याच आठवड्यात पंगतीत मी म्हणाले, "आज आमटीत मीठ किंचित कमी पडल्याचे समजते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांना ठसका लागला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बातम्या संपल्या असतील तर भाजी वाढ हो, सूनबाई."

हे वाक्य पुढे आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललं. मी जरा लांबण लावली की पलीकडून यायचंच, "बातम्या संपल्या असतील तर..."

माहेरच्यांनीही माझ्या ताठ्याला खतपाणी घातलं. जावई येणार म्हटलं की आमचं सगळं घर जणू सोवळं नेसायचं. एरवी दिवसभर अहिराणीत कलकलाट करणारी माणसं ह्यांच्यापुढे शुद्ध बोलायची, आणि ते जमत नसे म्हणून फारसं बोलायचीच नाहीत. वडील खाकरून म्हणायचे, "पाहुणे, भोजन तयार आहे." एवढ्यावर त्यांचा साठा संपायचा. हे मुळात अबोल. त्यामुळे माझं माहेर म्हणजे फार शांत, गंभीर लोकांचं घर असा ह्यांचा परवापरवापर्यंत समज होता. हे एसटीत बसले की मागे आई सुस्कारा टाकून म्हणायची, "गया वं माय एकदाचा!" आणि घर पुन्हा गजबजायचं. ह्यांनी ते कधी ऐकलंच नाही.

फक्त एकदा माझा बुरखा घसरला. मुलाच्या वेळी. कळा असह्य झाल्या तेव्हा रेडिओ बंद पडला आणि मी आईला, गावच्या देवीला, सगळ्यांना अहिराणीत हाका मारायला लागले. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "आत दुसरी कुणीतरी बाई आहे रे. आपली नाही ही." आणि दोघं निवांत चहा प्यायला गेले. मुलगा झाला तेव्हा बाहेर कुणी नव्हतं.

तर इतक्या मेहनतीने मी ती भाषा गाडली होती. आणि आता मेंदूतलं मराठीचं बिऱ्हाड पाण्याखाली गेल्यावर तीच वर आली. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, डॉक्टर नंतर म्हणाले. कुणाची आधी शिकलेली भाषा परतते, कुणाची रोजच्या वापरातली, कुणाच्या दोन्ही एकत्र. माझी माहेरची परतली. तीही जड जिभेने, अर्धे शब्द गिळत. मला स्वतःला तर फरकच कळत नव्हता. मला वाटे, मी आपली नेहमीचंच बोलतेय. आणि ज्यांच्याशी बोलत होते त्यांनी ती भाषा माझ्या तोंडून उभ्या जन्मात ऐकली नव्हती. त्यांना ती भाषाच वाटेना.

बोलणं शिकवायला एक तरुण मॅडम घरी यायच्या. नागपूरकडच्या, गोड मुलगी. चित्रांच्या पाट्या दाखवायच्या. मुलाचं चित्र दाखवलं, मी म्हणाले, "आंडोर." केळ्याचं दाखवलं, मी म्हणाले, "केय." शाळेचं दाखवलं, मी म्हणाले, "शाया." मला वाटलं, पहिला नंबर! त्या मात्र दर वेळी हळहळून पाटी खाली ठेवत होत्या. शेवटी बाहेरच्या खोलीत जाऊन मुलाला म्हणाल्या, "आवाज पुष्कळ निघतोय, पण अर्थाचे शब्द जुळत नाहीत. कितपत समजतंय तेही आज सांगता येणार नाही."

दार उघडं होतं. मी सगळं ऐकलं.

माणूस बोलत नाही म्हटलं की त्याला बहिरंही समजतात. त्या दिवसापासून माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलणं सुरू झालं. मुलाच्या माहितीत पुण्याला एक केंद्र होतं. तिथे अशा पेशंटना सहा-आठ महिने ठेवून घेतात, दिवसभर कुणी ना कुणी बघतं. "बाबा, तुम्हाला एकट्याला झेपणार नाही. आणि तिला कुठे काय कळतंय, ती कुठे आहे ते."

ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "ती तिथे कुणाशी बोलेल?" एवढंच म्हणाले.

"बाबा, ती इथे तरी कुणाशी बोलतेय?"

ह्यांनी माझी उशी सारखी केली. आणि मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. आमचा संसार म्हणजे माझं बोलणं आणि ह्यांचं "हं". ते "हं" किती प्रकारचं असतं, हे जगात मला एकटीला ठाऊक. पुण्याला मला कोण "हं" म्हणणार? मी पलंगावर उठून बसले आणि जोरजोरात सांगितलं, मी जाणार नाही, मला सगळं कळतंय. "मी नही जाव! माले बठ्ठं समजस!" मुलाने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि नातीला म्हणाला, "घाबरलीय बहुतेक. पंखा लाव."

जायचा दिवस ठरला. आणि जाण्याआधी भेटून घ्यावं म्हणून सटाण्याकडून माझी धाकटी बहीण आली. एसटीने. एका हातात डाळिंबांची पिशवी, दुसऱ्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. मुलाच्या त्या आनंदाच्या फोननंतर तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की मी धड बोलत नाही. ती दारातच रडायला लागली. पण समोर ह्यांना पाहिलं आणि जुनी सवय उसळून आली. डोळे पुसून, पदर सावरून ती वडिलांच्या थाटात म्हणाली, "दाजी, प्रकृती कशी आहे?" मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

मग ती आत आली, माझा हात धरला, आणि आजूबाजूला कोण आहे ते विसरली.

"काय वं बाई," म्हणाली, "काय करी लिधं हाई?"

मी म्हणाले, "माले रोज दुधी देतस वं!"

ती थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. "रोज?"

"रोज!"

"मंग भाकर खाशी का? कळण्यानं पीठ लई येल शे."

"खासू! आनि या माले पुनाले धाडी ऱ्हायनात!"

बस. दोघींची गाडी सुटली. मी सगळं सांगितलं. सूप, पाट्या, शेजारीण, केंद्र. मध्ये मध्ये माझे शब्द अडकायचे, ती हात धरून ओढून काढायची. तिने गावातल्या कुणाच्या म्हशी विकल्या आणि कुणाची सून पळाली ते सांगितलं. मी खदखदून हसले. किती वेळ गेला देव जाणे. मान वर केली तर दारात हे, मुलगा, नात आणि पाट्यांची पिशवी घेतलेल्या मॅडम. चौघांचीही तोंडं उघडी.

मुलगा म्हणाला, "मावशी, तुला... तुला कळतंय ती काय बोलतेय?"

बहीण गडबडली. तिने पुन्हा सोवळं नेसलं. "म्हणजे काय? ती म्हणत आहे, की तिला पुण्यास जावयाचे नाही. आणि दुधीचा तिला वीट आलेला आहे. आणि तू सूप फुंकत नाहीस."

नात पलंगावर उडी मारूनच आली. "आजी! तुला अजून एक भाषा येते? आणि तू आम्हाला कधी सांगितलंच नाहीस?"

मॅडमचे कान लाल झाले होते. त्यांनी पाट्या बाहेर काढल्या आणि बहिणीला शेजारी बसवून पुन्हा सुरुवात केली. आंडोर, बरोबर. केय, बरोबर. शाया, बरोबर. हे दाराला टेकून उभे होते. प्रत्येक "बरोबर"ला म्हणायचे, "हं." आणि त्या "हं"चा हा प्रकार माझ्यासाठीही नवा होता.

पुणं रद्द झालं.

बहीण बरेच दिवस राहिली. तिच्याशी बोलता बोलता जीभ सैल होत गेली. मॅडम म्हणाल्या, एका भाषेतली वाट मोकळी झाली की दुसरीलाही कधी कधी तिचा फायदा होतो, घाई करू नका. पण मराठी काही येईना. समजत होती, कानांना हवीहवीशी वाटत होती, जिभेपर्यंत मात्र पोचत नव्हती. मग बहिणीला परत जावं लागलं, डाळिंबाचा बहार धरायचा होता. आणि घरात पुन्हा मी एकटी बडबडणारी आणि हे न कळणारे.

तेव्हा मला एक गोष्ट दिसायला लागली. रोज संध्याकाळी हे मोबाईल घेऊन गॅलरीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. काचेतून दिसायचं. हे काहीतरी म्हणायचे आणि फोनमधून बहिणीचं हसणं आतपर्यंत ऐकू यायचं. एकदा तर मी पलंगावरून बघितलं, हे कपाटाच्या आरशासमोर ताठ उभे होते, ओठ हलत होते. "शे. शे. शेतस." चेहरा असा, की यंत्राचा भाग जरा घट्ट बसतोय, तो बोटाने चाचपून बघतायत.

मला एकदम ती मूर्ख मुलगी आठवली. तिच्याही आरशासमोर असाच ताठ कणा असायचा.

पुढच्या रविवारी स्वयंपाकघरातून धपधप आवाज यायला लागला. नात आत-बाहेर करत होती, हसू दाबत होती. मला खुर्चीवर बसवून टेबलापाशी आणलं. तव्यावर कळण्याची भाकरी होती. ह्यांनी थापलेली. कारखान्यात केसाएवढा फरक चालवून न घेणाऱ्या माणसाने थापली होती म्हणून गोल म्हणाल तर कंपासने काढल्यासारखी. मधे मात्र भिंत, कडेला पापड.

हे उलथन्यावर भाकरी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. खाकरले. छाती पुढे काढली आणि एकेक शब्द सुटा सुटा, आकाशवाणीच्या सुरात म्हणाले:

"तुले. भाकर. वाढू. का?"

माझ्या पोटातून हसू वर आलं, आणि त्या हसण्यावर बसून, मी काही विचार करायच्या आत, तोंडातून निघालं:

"बातम्या संपल्या असतील तर वाढा!"

नातीच्या हातातली वाटी खाली पडली. तयार वाक्य होतं ते, घरात इतकी वर्षं उशीखाली ठेवल्यासारखं. कुठल्या खोलीतून बाहेर आलं कोण जाणे. पण मराठी होतं. एकही शब्द गिळलेला नव्हता.

हे हलले नाहीत. भाकरी तशीच हवेत. वाफ निघत होती.

"अगं," म्हणाले, "परत बोल."

मी परत बोलले. ह्यांनी मान तिरकी करून ऐकलं, बेअरिंगचा आवाज ऐकावा तसं. मग म्हणाले, "हं." आणि भाकरी माझ्या ताटात वाढली.

कडेला करपली होती, मधे कच्ची होती. ते मी त्यांना अहिराणीत सांगितलं.